चाकांची स्थिती बोलून सांगणारे सूचनायंत्र

आत घेता येणारी चाके असलेल्या हलक्या विमानांसाठीचे हे यंत्र, वेग ठरावीक मर्यादेखाली येताच, चाके वर आहेत की खाली हे हेडसेटमध्ये स्पष्ट शब्दांत सांगते, आणि हेच त्याचे खरे मोल आहे. चाके खाली नसल्याचा इशारा देणारा नेहमीचा भोंगा थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) बराच मागे घेतल्यावर किंवा फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली सोडायच्या पट्ट्या) पुरेसे सोडल्यावर वाजतो. रेडिओवरील संभाषणात गुंतलेल्या वैमानिकाला तो स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल अचानक घटण्याचा, इशाराही वाटू शकतो. पाण्यावरही उतरणाऱ्या उभयचर विमानांत तर मी हे यंत्र अत्यावश्यक मानतो, कारण पाण्यावर उतरताना चाके खाली राहिली तर विमान उलटून आतील माणसे पाण्याखाली अडकू शकतात. उणीव एवढीच, की कमी वेगाच्या सरावातही ते बोलत राहते आणि त्यामुळे ऐकून न ऐकल्यासारखे करण्याची घातक सवय लागू शकते.