स्पेनची पारादोर हॉटेले आणि सहा युरोंचे सोनेरी कार्ड : सहा आठवड्यांच्या संथ प्रवासानंतर

सहलीच्या जाहिरातींत स्पेन आठ-नऊ दिवसांत उरकलेला दिसतो. माझे वय ६७, माझ्या यजमानांचे ७३, आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्यामुळे सकाळी सात वाजता बॅगा खोलीबाहेर काढून ठेवायच्या आणि दिवसभर बसमधून चढउतार करायची, असा प्रवास आम्हाला करायचाच नव्हता. आम्ही बार्सिलोना सरळ वगळले, माद्रिद आणि त्याच्या दक्षिणेकडचा भाग तेवढा घेतला आणि त्यासाठी सप्टेंबरच्या अखेरीपासून सहा आठवडे राखून ठेवले. हा प्रवास ज्या दोन सेवांच्या आधाराने पार पडला, त्या म्हणजे पारादोर ही सरकारी मालकीची हॉटेलांची साखळी आणि रेन्फे या रेल्वे कंपनीचे ज्येष्ठांसाठीचे ‘तारहेता दोरादा’, म्हणजे सोनेरी कार्ड. साठी ओलांडलेल्या प्रवाशाला त्यांचा कितपत उपयोग होतो, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

पारादोर ही कल्पना जवळजवळ शंभर वर्षांची आहे. पहिले पारादोर १९२८ मध्ये ग्रेदोसच्या डोंगराळ भागात राजा तेराव्या आल्फोन्सोच्या काळात उघडले आणि आज त्यांची संख्या शंभरच्या आसपास आहे. जुने किल्ले, मठ, वाडे यांची पडझड थांबवायची आणि जिथे खासगी हॉटेलवाला सहसा फिरकत नाही अशा गावांत प्रवासी आणायचा, असा त्यामागचा दुहेरी हेतू होता. साहजिकच यांतील पुष्कळ इमारती पाचशे वर्षांपूर्वीच्या दगडी भिंतींच्या आहेत, त्यांना मधोमध चौक आहे आणि आपल्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला तो चौक लगेच ओळखीचा वाटतो. वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी ‘दियास दोरादोस’ नावाचा सवलतीचा दर असतो. तो सर्व ठिकाणी आणि सर्व तारखांना मिळत नाही, म्हणून आधी हॉटेल ठरवून मग सवलत शोधण्याऐवजी आम्ही सवलतीच्या तारखा पाहून गावांचा क्रम लावला. हातात भरपूर दिवस असले की असा उलटा व्यवहार परवडतो.

मात्र एक गोष्ट प्रत्येक वयस्कर प्रवाशाने आरक्षणापूर्वी लक्षात घ्यावी. किल्ला हा शत्रूला वर येता येऊ नये म्हणून बांधलेला असतो, आणि दुखरा गुडघा घेऊन आलेल्या पाहुण्यालाही तो तेच करतो. ज्या पारादोरची छायाचित्रे सर्वांत मोहक, ते बहुधा गावापासून सर्वांत दूर किंवा सर्वांत उंच असते, हा नियम मला प्रवास संपता संपता उमगला. तोलेदोचे पारादोर ताहो नदीच्या पलीकडच्या टेकडीवर आहे. तिथल्या सज्जातून संध्याकाळी दिसणारे तोलेदो, म्हणजे एका बाजूला अल्काथार हा किल्ला आणि मधोमध कॅथेड्रलचा मनोरा, हे दृश्य कितीही वेळ पाहावे असेच आहे. परंतु गावात जायचे म्हटले की प्रत्येक वेळी टॅक्सी मागवावी लागते. दोन रात्रींसाठी ते उत्तम, चार रात्रींसाठी ते स्थानबद्धतेसारखे वाटेल. कोर्दोबाचे पारादोर नवीन पद्धतीच्या इमारतीत असून शहराबाहेर काही किलोमीटरवर आहे. बाग आणि पोहण्याचा तलाव यांमुळे उन्हाळ्यात त्याला अर्थ आहे, पण आम्हाला कोर्दोबात पाच दिवस रोज सकाळी मेस्कितात, म्हणजे आता कॅथेड्रल असलेल्या जुन्या मशिदीत, जाऊन बसायचे होते, म्हणून तिथे आम्ही जुन्या वस्तीतल्या एका साध्या, लिफ्ट असलेल्या वसतिगृहात उतरलो. मेस्कितात सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश विनामूल्य असतो. आठशेहून अधिक खांबांचे ते अरण्य एका फेरीत कळत नाही. तिसऱ्या सकाळी आम्ही नुसते एका खांबाजवळ उभे राहून खिडकीतून आलेले ऊन लाल-पांढऱ्या कमानीवरून सरकताना पाहिले.

कार्मोनाचे पारादोर सेव्हिलपासून बसने सुमारे तासाभरावर, राजा पेद्रोच्या जुन्या अल्काथारात आहे. बस गावात सोडते, पण तिथून वर जाणारा दगडी चढ बॅग ओढत चढण्याच्या भानगडीत पडू नये. वर गेल्यावर मात्र समोर क्षितिजापर्यंत सपाट शेतजमीन पसरलेली दिसते आणि दुपारी काहीही न करता बसण्यासाठी याहून चांगली जागा मला प्रवासात मिळाली नाही. रोंदाचे पारादोर याच्या नेमके उलट, म्हणजे गावाच्या मध्यभागी. ते जुन्या नगरपालिकेच्या इमारतीत, पुएन्ते नुएवो या पुलाला अगदी खेटून आहे. १७९३ मध्ये पूर्ण झालेला हा पूल जवळजवळ शंभर मीटर खोल दरीवर उभा आहे. तो पाहण्यासाठी चालावे लागत नाही, चौकातल्या बाकावर बसावे लागते. दिवसभराच्या सहलीला आलेल्या बसगाड्या पाच-सहाच्या सुमारास निघून गेल्या की रोंदा गावकऱ्यांना परत मिळते. हा बदल मुक्कामाला राहणाऱ्यालाच दिसतो, आणि मला विचाराल तर हॉटेलच्या भाड्याचा निम्मा मोबदला त्यातच वसूल होतो.

ग्रानादाचे पारादोर अल्हाम्ब्रा या जुन्या मुस्लिम राजांच्या किल्ला-महालाच्या परिसरातच, जुन्या फ्रान्सिस्कन मठात आहे. ते साखळीतील सर्वांत महागड्यांपैकी एक असून त्याच्या खोल्या फार आधी संपतात. आम्ही तिथे राहिलो नाही आणि त्याची मला खंतही नाही, कारण तिथल्या गच्चीवर बाहेरच्या माणसालाही कॉफी घेता येते आणि समोरची हेनेरालिफेची बाग कॉफी पिणाऱ्याला आणि खोलीचे भाडे भरणाऱ्याला सारखीच दिसते. आम्ही खाली शहरात सहा रात्री राहिलो आणि छोट्या लाल बसने वर जात राहिलो. अल्हाम्ब्राच्या तिकिटावर नासरिद राजघराण्याच्या महालांत शिरण्याची वेळ ठरलेली असते, तिकीट नावावर असते आणि पारपत्र दाखवावे लागते. ते काही आठवडे आधीच काढून ठेवावे. एकाच दिवशी महाल, किल्ला आणि बागा असे सगळे पाहण्यापेक्षा बागांचे वेगळे तिकीट काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे गुडघ्यांना मानवते.

खोली आरक्षित करताना आम्ही प्रत्येक ठिकाणी इमेलने तीन प्रश्न विचारत होतो: लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, स्नानगृहात टब आहे की सपाट जमिनीवरचा शॉवर, आणि टॅक्सी दारापर्यंत येते का. जुन्या इमारतींत टब पुष्कळ असतात आणि टबचा काठ ओलांडणे हा आमच्या वयात सर्वांत धोक्याचा प्रसंग आहे. हे शहाणपण आम्हाला माद्रिदमध्ये दाम मोजून आले. तिथे पहिल्या सहा रात्रींसाठी आम्ही एक खासगी सदनिका भाड्याने घेतली होती, आणि जाहिरातीत ‘पहिला मजला’ असे लिहिले होते म्हणून लिफ्टची चौकशी केली नाही. तिथल्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर ‘एन्त्रेसुएलो’, त्यावर ‘प्रिन्सिपाल’ आणि मग कुठे ‘प्रिमेरो’ म्हणजे पहिला मजला येऊ शकतो, हे आम्हाला तिथे, प्रत्येकी एक बॅग हातात घेऊन, अरुंद जिन्याच्या तळाशी उभे राहिल्यावर कळले. मालकाने दुसऱ्या दिवशी पैसे परत करण्यास नकार दिला. आम्ही दोन रात्रींनंतर तिथून निघालो आणि उरलेल्या चार रात्रींचे भाडे माद्रिदच्या वास्तुकलेच्या शिकवणीची फी समजलो.

आता रेल्वेविषयी. सोनेरी कार्ड ६० वर्षांवरील कोणालाही मिळते आणि आमच्या वेळी त्याची वर्षाची किंमत ६ युरो होती. आम्ही ते माद्रिदच्या अतोचा स्थानकावर पारपत्र दाखवून काही मिनिटांत घेतले. सवलत गाडीच्या प्रकारानुसार आणि वारानुसार बदलते. लांब पल्ल्याच्या दोन तिकिटांतच कार्डाची किंमत अनेक पटींनी वसूल झाली. एक मर्यादा अशी की माद्रिद-सेव्हिल मार्गावर आता रेन्फेशी स्पर्धा करणाऱ्या अन्य कंपन्यांच्याही वेगवान गाड्या धावतात आणि त्यांच्या तिकिटांवर हे कार्ड चालत नाही. कधी कधी त्यांचे मूळ तिकीटच स्वस्त असते, म्हणून दोन्ही दर पाहावेत. ‘आवे’ ही वेगवान गाडी १९९२ मध्ये याच मार्गावर सुरू झाली. माद्रिदहून कोर्दोबा दोन तासांच्या आत येते आणि तिथून सेव्हिल पाऊण तासावर आहे. विमानाचा विचारही मनात आणू नये.

सवलतीपेक्षा मला स्थानकावरची मदत सेवा अधिक मोलाची वाटली. ती विनामूल्य आहे. आदल्या दिवशी नोंद करायची, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी थांबायचे, आणि कर्मचारी चाकांची खुर्ची घेऊन येतो, गाडीतल्या आसनापर्यंत पोहोचवतो आणि उतरण्याच्या स्थानकावर दुसरा कर्मचारी दाराशी उभा असतो. वेगवान गाड्यांसाठी सामानाची तपासणी होते, गाडी सुटण्याच्या दोन मिनिटे आधी फाटक बंद होते आणि फलाटाचा क्रमांक फार उशिरा झळकतो. त्या शेवटच्या धावपळीत तरुण माणसेही धडपडतात. माझे यजमान खुर्चीत बसायला सुरुवातीला तयार नव्हते. “मला काही झालेले नाही,” हे त्यांचे वाक्य मी अतोचापासून कोर्दोबापर्यंत ऐकले. कोर्दोबाला उतरताना मात्र त्यांनीच खुर्ची कुठे आहे म्हणून विचारले. लहान स्थानकांवर ही सेवा असतेच असे नाही, तेव्हा मार्ग ठरवतानाच खात्री करून घ्यावी.

जेवणाच्या वेळा हा तिथला खरा चढ आहे. दुपारचे जेवण दोननंतर आणि पारादोरच्या भोजनगृहात रात्रीचे जेवण साडेआठच्या आसपास सुरू होते. गावातली कुटुंबे तर त्यानंतरच बाहेर पडतात. सातच्या गोळ्या आणि साडेसातचे जेवण अशी सवय असलेल्या माणसाने घड्याळाशी भांडू नये. आम्ही दुपारी ‘मेनू देल दिया’ घेत असू, म्हणजे कामाच्या दिवसांत बहुतेक साध्या खाणावळींत ठरावीक किमतीत मिळणारे पहिले पान, दुसरे पान, पाव आणि गोड किंवा फळ. आणि रात्री दही, फळे, टोमॅटो चोळलेला पाव यांवर भागवत असू. शाकाहारी माणसाने ‘मांस नको’ एवढेच सांगून थांबू नये, कारण तिथे हॅम आणि ट्यूना यांना पुष्कळजण मांसात धरत नाहीत. ‘सिन हामोन, सिन आतून’ असे नाव घेऊन सांगावे. सेव्हिलची पालक-हरभऱ्याची भाजी आणि कोर्दोबाची मध घातलेली तळलेली वांगी यांवर आम्ही कितीतरी दिवस आनंदाने काढले. बिल देताना ‘पगार’ या शब्दाशी गाठ पडते: पैसे देणे याला स्पॅनिशमध्ये ‘पगार’च म्हणतात, आणि आपला पगार पोर्तुगीजांकडून आलेला त्याचाच भाऊ आहे. फक्त तिथे तो मिळत नाही, द्यावा लागतो.

औषधांबाबत थोडक्यात सांगते. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. आमच्या वयात त्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत की नाही हे ओळ न ओळ वाचून पाहावे. गोळ्यांची कंपनीची नावे तिथे उपयोगी पडत नाहीत, मूळ औषधाची नावे पडतात. अम्लोडिपिनला तिथे अम्लोदिपिनो म्हणतात, तेव्हा चिठ्ठीवर तीच नावे लिहून घ्यावीत. हिरव्या फुलीचे औषधाचे दुकान प्रत्येक वस्तीत असते आणि बंद असले तर रात्री उघडे असणाऱ्या दुकानाचा पत्ता दारावर लावलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिल आणि कोर्दोबात पारा चाळिशी ओलांडतो. त्या महिन्यांत या वयाने तिकडे जाऊच नये.

सर्व मुक्कामांत मला उबेदाचे पारादोर सर्वांत पसंत पडले, जरी त्याची जाहिरात सर्वांत कमी होते. सोळाव्या शतकातला तो वाडा वास्केस दे मोलिना या चौकात, गावाच्या सपाट भागात आहे. दारातून बाहेर पडले की एल साल्वादोरचे प्रार्थनामंदिर समोर, चार पावलांवर बाक आणि त्यापलीकडे ऑलिव्हच्या बागांचा समुद्र. ग्रानादाहून तिथे रेल्वे जात नाही, बसने जावे लागते, आणि बहुधा म्हणूनच गर्दी कमी आहे. आम्ही तीन रात्रींसाठी गेलो होतो. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता, निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या, आणि चौथी रात्र मागितली तेव्हा स्वागतकक्षातील बाईंनी ती त्याच सवलतीच्या दराने नोंदवून, टॅक्सीला लिनारेस-बाएसा स्थानकासाठी सकाळी आठऐवजी अकराची वेळ देऊ का, असे आपणहून विचारले.