जागेवरच हिरवळ की बाहेरून युनिट?

इंग्लंडमध्ये छोट्या प्लॉटवर चार घरं बांधायला निघालेला माझा मित्र अडलाय. २ एप्रिल २०२४ पासून छोट्या साइटलाही, बांधकामाआधी होता त्यापेक्षा निसर्ग किमान १० टक्के वाढवून दाखवण्याचा नियम लागू झाला. ही वाढ जागेवरच करायची की बाहेरून युनिट, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या जमिनीवर वाढवलेल्या निसर्गाचे मोजलेले गुण, विकत घ्यायचे?

खर्च: जागेवरची झुडपं, गवत स्वस्त वाटतं, पण त्यात घराचीच जमीन जाते. युनिट महाग, पण जमीन मोकळी राहते. युनिट लांबच्या भागातले असतील तर गणितात निम्मेच धरले जातात, त्यामुळे दुप्पट घ्यावे लागतात. युनिट मिळालेच नाहीत तर सरकारकडून विकत घ्यायची क्रेडिट हा शेवटचा उपाय. सर्वांत स्वस्त प्रकारच्या एका क्रेडिटला ४२,००० पौंड (२०२४ चा दर), आणि एका युनिटमागे दोन!

निगा: खरी गोम इथेच आहे. जागेवरची मोठी वाढ ३० वर्षं राखायची, बांधकाम परवानगीच्या अटीनं किंवा कायदेशीर करारानं. आणि घरामागच्या खासगी बागेत लावलेलं रानफुलांचं गवत वेगळं मोजलं जात नाही, साधी बाग म्हणूनच धरतात, कारण उद्या घरमालक त्यावर फरशी घालेल. बाहेरच्या युनिटमध्ये ही कटकट जमीनमालकाची.

कुंपणाची झुडपं मात्र वेगळी मोजतात. ती तोडली तर गवतानं भरपाई होत नाही. म्हणून त्याला म्हटलं, आधी ती वाचव. आणि सर्व्हेआधी जेसीबी आणू नकोस, मोजणी पूर्वीच्याच स्थितीवर होते.

सामायिक मोकळी जागा असेल आणि ती सांभाळणारं कुणी असेल, तर जागेवरच. घरं दाटीवाटीची असतील तर जवळच्या भागातले युनिट. त्याची केस दुसरी.