तीन फुटी टेबलासाठी माऊस आणि कीबोर्ड

माऊस आणि कीबोर्ड एकाच वेळी, एकाच टेबलाचं माप मनात धरून घ्या. दुकानात या दोन वस्तू वेगवेगळ्या काउंटरवर असतात, पण टेबलावर त्या एकमेकींची जागा खातात.

माझं टेबल तीन फुटांचं. डाव्या कडेला प्रुफांचा गठ्ठा, कारण दिवसा मी मराठी पुस्तकांचं टायपिंग आणि मुद्रितशोधन करते. रात्री जेवणं आवरली की धाकट्या भावाबरोबर काउंटर-स्ट्राइक २ हा नेमबाजीचा ऑनलाइन खेळ. तो बंगळुरूत, मी डोंबिवलीत. दिवसभरातलं आमचं बोलणं त्या तासाभरातच होतं. त्यामुळे जी जोडी घ्यायची ती ‘ज्ञानेश्वरी’ लिहायलाही चालली पाहिजे आणि खेळात डोक्यावर नेम धरून हेडशॉट मारायलाही.

आधी माऊस. खोक्यावर १२०००, १६००० असे डीपीआयचे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो संगणकाला किती पावलं कळवतो ते. काउंटर-स्ट्राइकचे बहुतेक व्यावसायिक खेळाडू ४०० किंवा ८०० वर खेळतात. संवेदनशीलता कमी ठेवली की नेम मनगटाऐवजी अख्ख्या हाताने धरला जातो आणि स्थिर राहतो. पण मागे वळायचं तर माऊस पॅडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावा लागतो. म्हणून चांगल्या सेन्सरइतकीच मोकळी जागा महत्त्वाची. नंबरपॅडवाला कीबोर्ड साधारण ४४ सेंटीमीटर रुंद असतो, नंबरपॅड नसलेला ८७ बटणांचा, म्हणजे टीकेएल, साधारण ३६. हे आठ सेंटीमीटर थेट उजव्या हाताला मिळतात. माझी निवड इथेच अर्धी झाली.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन तीन माऊस हातात धरून पाहिले. रेझरचा डेथअ‍ॅडर इसेन्शियल १२७ मिलिमीटर लांब आणि पाठीला चांगला उंच. अख्खा तळवा टेकवून माऊस धरणाऱ्या मोठ्या हाताला तो सुरेख बसेल, भावाला मी तोच सुचवला. माझा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७ सेंटीमीटर, आणि मी बोटं वाकवून धरते. मला लॉजिटेकचे जी१०२ आणि जी३०४ जवळचे वाटले. दोघांचा साचा एकच, लांबी ११६.६ मिलिमीटर. जी१०२ वायरचा, ८५ ग्रॅम, आणि स्वस्त. जी३०४ बिनवायरचा, आत एक डबल-ए सेल, त्यासकट ९९ ग्रॅम. वजन पाहिलं तर जी१०२ जिंकतो. पण माझ्या टेबलावर वायर प्रुफांत अडकणार, म्हणून मी जी३०४ घेतला. साध्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियमचा डबल-ए टाकला की सातआठ ग्रॅम कमी होतात आणि मागच्या बाजूचा जडपणा हाताला जाणवतो तेवढा राहत नाही. दोन्ही माऊस सेकंदाला हजार वेळा आपली जागा कळवतात. ऑफिसचा साधा माऊस बहुधा १२५ वेळाच. डावखुऱ्यांनी मात्र थांबावं: आकार दोन्हीकडून सारखा असला तरी बाजूची दोन बटणं फक्त उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी आहेत.

कीबोर्डचं प्रकरण जास्त खोल आहे, आणि मराठी टाइप करणाऱ्यांसाठी ते कुणी सांगत नाही.

इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित बटणमांडणीत मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. खेळात चालायची बटणं डब्ल्यू, ए, एस, डी. हीच बटणं इन्स्क्रिप्टमध्ये दोन मात्रा, काना-मात्रा, एक मात्रा आणि हलन्त. म्हणजे माझ्या डाव्या हाताची तीच बोटं दिवसा जोडाक्षरं जुळवतात आणि रात्री भिंतीआडून डोकावतात. प्रत्येक बटणाखाली असतो तो स्विच निवडताना या बोटांना विचारलं पाहिजे.

चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचची रंगांची भाषा आता सगळ्या कंपन्या बोलतात. लाल स्विच सरळ खाली जातो, साधारण ४५ ग्रॅमच्या दाबाने. तपकिरी ५५ च्या आसपास, आणि वाटेत एक छोटा उंचवटा लागतो. निळ्यात उंचवटाही आहे आणि टिकटिकही. निळ्याचा आवाज आपल्याकडे पिढ्यांनी ऐकला आहे: बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत ज्यावर वर्षानुवर्षं काम झालं, त्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डमध्ये चेरीचे निळे स्विचच असत. टायपिंगला आजही मी तो मनापासून सुचवीन. पण तो पूर्ण रुंदीचा आहे, आणि आमच्याकडे पलीकडच्या खोलीत सासूबाई दहाला झोपतात.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “ताई, आता सगळे मॅग्नेटिकच नेतात.” या कीबोर्डमध्ये चुंबक आणि तो किती जवळ आला ते ओळखणारा हॉल सेन्सर असतो. बटण किती खाली गेल्यावर नोंद व्हावी ते ठरवता येतं, काहींत अगदी ०.१ मिलिमीटरपर्यंत. बोट किंचित उचललं की बटण सुटलं असं धरलं जातं, त्यामुळे धावताना चटकन थांबून गोळी झाडता येते. खेळाला हे खरोखर उपयोगी आहे. मी दुकानातच मराठी टाइप करून पाहिलं: डी वर बोट नुसतं विसावलं तरी हलन्त उमटत होता आणि पुढचं अक्षर मागच्याला चिकटत होतं. टायपिंगसाठी वेगळं प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच, ठेवला तर हे टळतं, पण त्याची सवय हवी. आणखी एक गोष्ट तिथे कुणी सांगितली नाही. उलट दिशेची दोन बटणं एकत्र दाबली असता नंतरचं आपोआप धरणारी जी सोय स्नॅप टॅप वगैरे नावांनी विकली जाते, तिला हा खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर बंदी घातली. ती चालू ठेवून खेळलात तर सामन्यातून बाहेर काढतात. फक्त त्या एका सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

मी कीक्रॉनचा सी३ प्रो घेतला, तपकिरी स्विचचा. वायरचा आहे, ८७ बटणं आहेत, बाण आणि होम-एंड जागच्या जागी आहेत. प्रुफं दुरुस्त करणाऱ्या माणसाने बाणांची वेगळी बटणं नसलेला ‘६० टक्केवाला’ छोटा कीबोर्ड घेऊच नये. बाणासाठी प्रत्येक वेळी एफएन दाबणं हा हाताचा छळ आहे. तपकिरीच्या उंचवट्याने बोटाला कळतं की अक्षर गेलं, आणि आवाज दाराबाहेर जात नाही.

पण माझं मन जिंकलं ते बटणं बदलण्याच्या सोयीने. व्हीआयए नावाच्या प्रोग्रॅममधून कुठल्याही बटणाला दुसरं काम देता येतं, आणि ते कीबोर्डमध्येच साठतं. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसतात, त्यामुळे कॅप्स लॉकची जागा फुकट जाते. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, थ, ध, फ, भ, ण, ळ, श हे सगळे शिफ्टवर. मी कॅप्स लॉकलाच शिफ्ट केलं. डाव्या करंगळीला आता खाली वाकावं लागत नाही, आणि संध्याकाळपर्यंत ती दुखत नाही. खेळात शिफ्टने दबकत चालतात, तेही याच बटणाने होतं.

याचे कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, एबीएस प्लास्टिकच्या आहेत. एबीएस वापराने चकचकीत होतं, पीबीटी हे दुसरं प्लास्टिक जास्त काळ खरखरीत राहतं. देवनागरी अक्षरं छापलेली नाहीत, त्यामुळे न बघता टाइप करता येत नसेल तर स्टिकर लावावे लागतील.

दोन्ही मिळून मला सहा-साडेसहा हजार पडले. लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. कीबोर्ड खोक्यातून काढायला लावा आणि स्पेसबार दोन्ही टोकांना दाबून पाहा. खडखडला तर दुसरा मागा. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. आणि हिशेबाचं, जीएसटीचं काम असेल तरी टीकेएलला नाही म्हणू नका: यूएसबीचा सुटा नंबरपॅड मिळतो, तो डाव्या हाताला ठेवता येतो आणि खेळताना उचलून खणात टाकता येतो.