क्यूसी फेल, मग वकिलाची नोटीस: घरबसल्या डेटा एंट्रीचा सापळा

काम देण्याआधी नोंदणी फी मागितली की काहीतरी गडबड आहे, हे आता बहुतेकांना कळतं. म्हणूनच फ्रीलान्स डेटा एंट्रीच्या या प्रकारात सुरुवातीला एक रुपयाही मागत नाहीत. काम देतात, लॉगिन देतात, करारनामा करून घेतात. पैसे मागतात ते काम संपल्यावर, दंड म्हणून. नोकरी नसलेले विद्यार्थी, घर सांभाळून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या बायका, नुकतेच निवृत्त झालेले लोक यात सापडतात, आणि त्यातले कितीतरी जण आपल्याच चुका झाल्या असं समजून पैसे भरून मोकळे होतात. चुका त्यांच्या नसतात. काम नापासच व्हावं अशीच त्याची रचना केलेली असते.

फोन करणारी व्यक्ती बहुधा गोड बोलणारी असते. ‘नोकरीच्या साइटवर तुमचा बायोडेटा पाहिला, फॉर्म फिलिंगचं काम आहे, लक्ष्य नाही, फी नाही, झालं तेवढं करा.’ मग आधार, पॅन, फोटो आणि कोऱ्या कागदावरची सही व्हॉट्सॲपवर मागवतात. थोड्या वेळात ओटीपी येतो, तो सांगितला किंवा लिंकवर टाकला की करारावर तुमची ‘डिजिटल सही’ झाली. करार दहा-बारा पानांचा, इंग्रजीत, पहिलं पान स्टॅम्प पेपरचं. वाचायला वेळ मिळू नये म्हणून लॉगिन लगेच चालू करतात आणि मुदतीचं घड्याळ त्याच क्षणी सुरू होतं. फोनवर ‘लक्ष्य नाही’ म्हटलेलं असतं, पण करारात लिहिलेलं असतं की ठरलेल्या दिवसांत ठरलेले फॉर्म ९० टक्के अचूक भरले नाहीत तर अमुक रक्कम द्यावी लागेल.

आता जरा हिशोब मांडून पाहा. समजा प्रतिमांवरचा मजकूर पाहून ५ दिवसांत ६०० फॉर्म भरून द्यायचे आहेत आणि एका फॉर्ममध्ये २५ रकाने आहेत. म्हणजे रोज १२० फॉर्म. एकाला ६ मिनिटं धरली तरी रोजचे १२ तास, जेवायला न उठता. आणि खरी मेख अचूकता मोजण्याच्या पद्धतीत आहे. एका रकान्यात एक स्वल्पविराम चुकला तरी पूर्ण फॉर्म चूक धरतात. दर १०० रकान्यांपैकी ९९ बरोबर भरणारा माणूस चांगला टायपिस्ट म्हणावा लागेल. पण २५ च्या २५ रकाने बरोबर येण्याची शक्यता ०.९९ चा २५ वा घात, म्हणजे साधारण ७८ टक्के. ६०० पैकी जेमतेम ४६७ फॉर्म बरोबर निघतील, हवे असतात ५४०. तिथवर पोचायला १००० रकान्यांत ४ पेक्षा जास्त चुका चालणार नाहीत. त्यात मूळ प्रतिमा मुद्दाम पुसट दिलेल्या असतात, शून्य आणि इंग्रजी ओ ओळखू येत नाही, जादा स्पेस दिसत नाहीत. इतकं करूनही कोणी नेटाने काम पूर्ण केलंच, तर शेवटच्या दिवशी पोर्टल उघडत नाही किंवा ‘सबमिट’ होत नाही. क्यूसीचा, म्हणजे काम तपासल्याचा, अहवाल तर त्यांच्याच हातात असतो. त्यात कोणत्या रकान्यात काय चुकलं हे दाखवत नाहीत, फक्त ‘८४ टक्के, नापास’ असा शेरा येतो.

मुळात अशा कामाला गिऱ्हाईक कोण असेल, हा प्रश्न स्वतःला विचारा. छापील मजकुराच्या स्पष्ट प्रतिमेवरून अक्षरं ओळखणारी साधनं आज कोणाच्याही मोबाईलमध्ये असतात. त्या कामासाठी एका फॉर्मला ३०-४० रुपये कोणी देत नाही. डीटीपी आणि टायपिंगचं खरं काम आजही मिळतं, पण त्याचा दर पानावर ठरतो, आधी दोन-चार पानांचा नमुना होतो, आणि प्रूफ तपासून आलेल्या दुरुस्त्या करून देणं हा कामाचाच भाग असतो. प्रूफमध्ये चुका निघाल्या म्हणून टायपिस्टकडून दंड घेणारा प्रकाशक किंवा छापखाना नसतो. खरं गिऱ्हाईक फार तर पैसे द्यायला उशीर करतं, बिलातून टीडीएस कापतं. ते तुमच्याकडे पैसे मागत नाही.

अहवालानंतर पहिली मागणी छोटी असते: पोर्टल वापरल्याचं शुल्क, काही हजार रुपये, ‘आजच भरा, नाहीतर फाइल लीगलला जाईल’. दुसऱ्या दिवशी ‘वकील’ फोन करतात. आवाज चढा, मधूनच इंग्रजी. व्हॉट्सॲपवर राजमुद्रा छापलेली पीडीएफ येते, वर तुमचं नाव, पत्ता, आधार क्रमांक. हे सगळं तुम्हीच दिलेलं असतं, पण त्या क्षणी ते आठवत नाही, छातीत धस्स होतं. पैसे भरले की प्रकरण मिटत नाही. मग एनओसीचं (ना हरकत दाखल्याचं) शुल्क, केस मागे घेण्याचं शुल्क. एकदा भरणारा माणूस पुन्हा भरेल हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून पहिलाच हप्ता न देणं सर्वांत महत्त्वाचं.

कायद्याची बाजू अगदी स्पष्ट आहे. काम अपुरं राहिलं किंवा त्यात चुका झाल्या, हा दिवाणी मामला. त्यासाठी पोलीस अटक करायला येत नाहीत. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो जसाच्या तसा वसूल होत नाही. कोर्ट फक्त वाजवी भरपाई देतं, आणि तीही त्या आकड्याच्या आत. शिवाय फसवून घेतलेल्या संमतीचा करार फसलेल्या बाजूला रद्द ठरवून घेता येतो, हे कलम १९ सांगतं. स्टॅम्प पेपरमुळे खोट्याचं खरं होत नाही. इ-स्टॅम्प असेल तर त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. तारीख आणि पक्षकारांची नावं नीट पाहा. एकच स्टॅम्प स्कॅन करून अनेकांच्या करारांना लावलेला आढळतो.

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, ते एका पक्षाचं पत्र असतं. तरी ती खरी आहे का हे पाहायला हरकत नाही. वकिलाचा सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, विचारा. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलच्या सनदेची सुरुवात ‘एमएएच’ या अक्षरांनी होते. केस दाखल झाली असं म्हणत असतील तर सीएनआर क्रमांक मागा. जिल्हा आणि तालुका न्यायालयांतल्या प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा हा क्रमांक असतो, आणि इ-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तो टाकला की न्यायालय, पक्षकार, पुढची तारीख सगळं दिसतं. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा. समन्स आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही येऊ शकतं, त्यामुळे मोबाईलवर आलं म्हणून ते खोटंच असं धरू नका, क्रमांक तपासा. पण कोणतंही न्यायालय यूपीआयवर तडजोडीची रक्कम मागत नाही.

फोन आला तर वाद घालू नका. ‘जे आहे ते लेखी पाठवा’ एवढं बोलून ठेवा. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा. करार, क्यूसी अहवाल, फोन नंबर, पोर्टलचा पत्ता यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे घ्या. पैसे गेले असतील तर यूपीआयच्या व्यवहारातला १२ अंकी क्रमांक टिपून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एखाद्या बँक खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात, म्हणून तासातासाला महत्त्व आहे. बँकेलाही त्याच वेळी कळवा. पैसे गेले नसले तरी धमकीची तक्रार करता येते. भारतीय न्याय संहितेत खंडणीसाठी कलम ३०८ आणि फसवणुकीसाठी ३१८ आहे, तर संगणक साधनं वापरून तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड लागतं. ‘गुन्हा आमच्या हद्दीत नाही’ असं ठाण्यात सांगितलं तर झीरो एफआयआरची, म्हणजे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणाऱ्या गुन्ह्याची, मागणी करा.

नोंदणीच्या वेळी दोन नातेवाइकांचे नंबर दिले असतील तर पुढचे फोन त्यांना जातील. त्यांना आधीच सगळं सांगून ठेवा. सासरी कळेल, शेजारी कळेल, या धास्तीनेच बायका गुपचूप दागिना गहाण ठेवून पैसे भरतात, आणि या लोकांचा सगळा धंदा त्या गुपचूपपणावर चालतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे.

धमक्या थांबल्या तरी तुमची कागदपत्रं त्यांच्याकडेच राहतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, बुबुळं) लॉक करा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहा, अनोळखी नंबर असेल तर तिथेच कळवा. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. न घेतलेलं कर्ज त्यात दिसतंय का, हे पुढचं वर्ष-दोन वर्षं पाहत राहा. आणि यापुढे कोणत्याही नव्या गिऱ्हाइकाला आधार द्यायची वेळ आलीच तर शेवटचे ४ अंक तेवढेच दिसणारं मास्क्ड आधार द्या, प्रतीवर आडवं लिहा: कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला.