पिक्सेल ९ए : अपडेट सात वर्षांचे, बॅटरी साडेतीनची

गूगलचा पिक्सेल ९ए एप्रिल २०२५ मध्ये भारतात आला तो ४९,९९९ रुपयांना, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज अशा एकाच प्रकारात. दुकानदार सगळ्यात आधी सांगतो ते अपडेटबद्दल : सात वर्षं अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या, सुरक्षा पॅच आणि नवी फीचर्स. म्हणजे एप्रिल २०३२ पर्यंत. ४२,९९९ ला आलेला वनप्लस १३आर चार आवृत्त्या आणि सहा वर्षांचे सुरक्षा पॅच देतो, त्यामुळे कागदावर गूगल पुढे. पण सात वर्षं अपडेट घ्यायला फोन तेवढा टिकायला हवा, आणि फोनमध्ये सगळ्यात आधी म्हातारी होते ती बॅटरी.

हिशेब मांडून बघा. चार्ज सायकल म्हणजे फोन चार्जरला लावण्याची एक वेळ नव्हे. एकूण १०० टक्के बॅटरी खर्च झाली की एक सायकल. आज ४० टक्के, उद्या ६० टक्के, तरी ती एकच. दिवसाला ८० टक्के खर्च करणाऱ्याच्या २०० सायकली २५० दिवसांत होतात, आणि हजार सायकली १,२५० दिवसांत, म्हणजे साधारण तीन वर्षं पाच महिन्यांत. गूगलच्याच म्हणण्याप्रमाणे ८ए आणि त्यानंतरच्या पिक्सेलची बॅटरी सुमारे हजार सायकलींपर्यंत ८० टक्के क्षमता राखेल अशी अपेक्षा आहे. ५,१०० एमएएचची तेव्हा ४,०८० उरली असं धरा. सात वर्षांत याच वापराने सायकली दोन हजारांच्या वर जातात. त्यामुळे मध्ये एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च आजच किमतीत धरायचा.

वर २०० चा आकडा मुद्दाम घेतला. या फोनमध्ये ‘बॅटरी हेल्थ असिस्टन्स’ नावाची यंत्रणा आहे. २०० सायकलींनंतर ती बॅटरीचं कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरवायला लागते, आणि हे १,००० सायकलींपर्यंत चालतं. चार्जिंगचा वेगही त्याप्रमाणे थोडा कमी होतो. फोन तेव्हाही १०० टक्केच दाखवतो, फक्त ते शंभर आधीपेक्षा लहान असतात. तंत्र म्हणून यात खोट नाही. लिथियम-आयन सेल अगदी वरच्या व्होल्टेजला जास्त वेळ राहिली की आतला इलेक्ट्रोलाइट लवकर खराब होतो, गॅस धरतो, सेल फुगते. जुन्या सेलला हा ताण आणखी झेपत नाही. खटकतं ते हे की काही जुन्या मॉडेल्सवर ही सोय बंद करता येते, ९ए वर येत नाही. पन्नास हजार मोजणाऱ्याला निदान बटण तरी द्यायला हवं होतं.

गूगल इतकं सावध का, हे पिक्सेलच्या स्वस्तातल्या ‘ए’ मालिकेचा इतिहास पाहिला की कळतं. जानेवारी २०२५ मध्ये ४ए ला आलेल्या अपडेटने काही फोनांचा बॅकअप चांगलाच घसरला. एप्रिलमध्ये ७ए च्या फुगणाऱ्या बॅटऱ्या मोफत बदलून देण्याची योजना आली. जुलैमध्ये ६ए ची पाळी : गरम होण्याचा धोका असलेल्या फोनांवर ४०० सायकलींनंतर क्षमता आणि चार्जिंगचा वेग कमी करणारं सक्तीचं अपडेट. एकाच वर्षात तीन मॉडेल्स. ९ए ची यंत्रणा पहिल्या दिवसापासून जाहीर आहे, एवढा फरक मान्य.

आता हातात काय आहे ते. सेटिंग्ज उघडा, बॅटरी, मग ‘बॅटरी हेल्थ’. अँड्रॉइड १६ वर इथे उरलेली क्षमता टक्क्यांत दिसते. सायकलींचा आकडा आणि बॅटरी बनल्याची तारीख मात्र वेगळ्या जागी आहे : सेटिंग्जच्या तळाशी ‘अबाउट फोन’, त्यात ‘बॅटरी इन्फर्मेशन’. चार्जिंग ऑप्टिमायझेशनमध्ये दोन पर्याय मिळतात. ‘अ‍ॅडॅप्टिव्ह चार्जिंग’ रात्रभर लावलेला फोन उठायच्या वेळेच्या बेताने भरतो. ‘लिमिट टू ८० टक्के’ ८० ला थांबवतो. ऑफिसात दिवसभर टेबलावर चार्जर असेल तर दुसरा पर्याय डोळे मिटून निवडा. अधूनमधून फोन स्वतःहून १०० पर्यंत जाईल. तो बिघाड नाही, टक्केवारीचा अंदाज नीट राहावा म्हणून तसं केलेलं आहे. फिरतीचं काम असेल तर ही मर्यादा लावून रोज संध्याकाळी पॉवरबँक शोधत बसण्यात अर्थ नाही. आणि मर्यादा लावली म्हणून वरची व्होल्टेजची कपात टळत नाही.

डब्यात केबल आहे, चार्जर नाही. घरातल्या ८० वॅटच्या जुन्या चार्जरच्या विटेवर भरवसा ठेवू नका. वनप्लस, रिअलमी, विवोच्या बऱ्याच विटा आपापल्या कंपनीची भाषा बोलतात, आणि त्यांना यूएसबी-ए, म्हणजे जुना रुंद चौकोनी पोर्ट असतो. पिक्सेलला हवं पॉवर डिलिव्हरी (यूएसबीची सगळ्या कंपन्यांना सामाईक चार्जिंग पद्धत), तेही पीपीएससह (फोनच्या गरजेप्रमाणे व्होल्टेज बारकाईने बदलणारी तिची सोय), आणि ते दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या सी-टू-सी केबलवरच मिळतं. ए पोर्टवरून फोन रांगत भरतो आणि लोक फोनला दोष देतात. कमाल वेग २३ वॅट, त्यामुळे ३० वॅटचा पीपीएस चार्जर पुरे. ६५ चा घेतला तरी फरक पडणार नाही. शून्यापासून पूर्ण भरायला दीड-पावणेदोन तास धरा. वायरलेस ७.५ वॅटचं आहे, म्हणजे रात्री उशाशी ठेवण्यापुरतं, आणि त्यात पाठ कोमट होते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे तर ते टाळलेलंच बरं.

अपडेटचा अनुभव मात्र या फोनची खरी जमेची बाजू. अपडेट चालू सिस्टिमला हात न लावता मागच्या मागे तिच्या शेजारी तयार होतं आणि रीस्टार्ट केल्यावर लागू होतं. इन्स्टॉल होत असताना फोन वापरता येतो. ते कासवाच्या गतीने होतं कारण त्याला मुद्दाम कमी प्राधान्य दिलेलं असतं. अडकलं समजून फोन बंद करू नका. स्टोरेज काठोकाठ भरलेलं असेल तर ते अपयशी ठरतं, तेव्हा काही जीबी मोकळे ठेवा. मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन तापतो आणि बॅटरी पळते, कारण अ‍ॅप्स मागे नव्याने जुळवली जात असतात. फॅक्टरी रीसेटची घाई त्यानंतरही तसंच राहिलं तरच करा. ‘सिस्टिम अपडेट’ आणि ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं अँड्रॉइडचे काही भाग गूगल प्लेमार्फत ताजे करतं, आणि ते बरेच जण कधी उघडतच नाहीत.

अँड्रॉइड १६ जून २०२५ मध्ये आलं, तेव्हा दिसायला फारसं काही बदललं नव्हतं. खरा चेहरामोहरा सप्टेंबरच्या अपडेटने बदलला, ‘मटेरियल ३ एक्स्प्रेसिव्ह’ या गूगलच्या नव्या डिझाइनमुळे. वरून ओढल्यावर दिसणाऱ्या पट्टीतली बटणं आता लहान-मोठी करता येतात. टॉर्च, हॉटस्पॉट, ऑटो-रोटेट लहान करून टाका, पहिल्याच पानावर जवळजवळ दुप्पट बटणं मावतात. नोटिफिकेशन सरकवताना शेजारचीही किंचित ओढली जाते. आठवडाभर गंमत वाटते, मग लक्ष जात नाही.

स्क्रीन ६.३ इंचांची, १२० हर्ट्झची आणि उन्हात वाचता येण्याजोगी, पण १२० हर्ट्झ ‘स्मूथ डिस्प्ले’मधून स्वतः चालू करावं लागतं. वरची काच गोरिला ग्लास ३, म्हणजे २०१३ चं तंत्र, तेव्हा वरून टेम्पर्ड ग्लास लावून घ्याच. इथेच फिंगरप्रिंटचा घोळ होतो. सेन्सर ऑप्टिकल आहे, अंगठ्यावर उजेड टाकून फोटो घेणारा. जाड टेम्पर्ड ग्लासखाली हवेचा बुडबुडा राहिला की तो चुकतो. काच बसवल्यावर आधीचे ठसे पुसून नव्याने नोंदवा आणि तोच अंगठा दोनदा नोंदवा. टच सेन्सिटिव्हिटीत ‘स्क्रीन प्रोटेक्टर मोड’ही चालू करा. भांडी घासून आलेल्या ओल्या बोटाला तो तरीही ओळखत नाही, त्याला इलाज नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात : ४८ मेगापिक्सेलचा मुख्य, १३ चा अल्ट्रावाइड. समईच्या उजेडातला देव्हारा छान येतो, धावणारं मूल हलतं. मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर ८ए पेक्षा लहान आहे, पण मागचा उंचवटा जवळपास गेल्यामुळे फोन टेबलावर सपाट बसतो. टेन्सर जी४ चिप रोजच्या कामाला भरपूर. बीजीएमआय हा गेम तासन्‌तास खेळणाऱ्याने १३आर घ्यावा.

फोन अ‍ॅपमधून कॉल रेकॉर्ड करताना समोरच्याला तशी घोषणा ऐकू जाते. गावच्या जमिनीच्या व्यवहाराचं बोलणं गुपचूप जपून ठेवायचा बेत असेल तर तो इथे फसेल. गूगलचा एआय सहायक जेमिनी लाइव्ह मराठीत बोलतो, आणि जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळतं. ८ जीबी रॅममुळे पिक्सेल स्क्रीनशॉट्स (स्क्रीनशॉटमधला मजकूर शोधून देणारं अॅप) आणि कॉल नोट्स (कॉलचा सारांश) मात्र नाहीत.

सेकंडहँड बघत असाल तर विकणाऱ्याला समोरच ‘बॅटरी इन्फर्मेशन’ उघडायला लावा. सायकली २०० च्या आत असतील तर फोन जवळपास नव्यासारखा. ६००-७०० दिसल्या तर अधिकृत सेंटरवर बॅटरी बदलण्याचा दर विचारा, पाणी रोखणारी चिकटपट्टी नवी बसवतात का तेही विचारा, आणि ती रक्कम किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.