डायऑप्टर साइट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डायऑप्टर म्हणजे रायफलची मागची साइट, जिच्या बारीक छिद्रातून पाहून नेम धरतात. एअर रायफलवर आठ महिने वापरलेल्या या साइटबद्दलचे माझे मत आधीच सांगतो: आडव्या दिशेने ती अत्यंत भरवशाची आहे, उभ्या दिशेने मात्र तिला सांभाळून घ्यावे लागते.

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ७० सेंटिमीटर अंतर धरले, तर मागची साइट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी सरकताच छर्रा टार्गेटवर सुमारे ०.१४ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे अशा साइटची खरी परीक्षा तिला सरकवणाऱ्या स्क्रूमध्येच होते; त्यांचे नॉब एकेका क्लिकने फिरतात. ती परीक्षा मी रायफल टेकूवर ठेवून घेतली. पहिल्या पाच छर्ऱ्यांच्या ग्रुपनंतर (एकाच नेमावर मारलेल्या छर्ऱ्यांचा पुंजका) चाळीस क्लिक उजवीकडे, चाळीस वर, चाळीस डावीकडे आणि चाळीस खाली फिरवत या चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर पाच-पाच छर्रे मारले. आडव्या दोन्ही बाजू सहा-सहा मिलिमीटर भरल्या, म्हणजे एका क्लिकला ०.१५ मिलिमीटर, आणि यात खोट काढायला जागा नाही. शेवटचा ग्रुप मात्र पहिल्यावर न बसता मिलिमीटरभर वर राहिला, कारण उभ्या स्क्रूच्या आट्यांत ढिलाई आहे. खाली येताना पाच-सहा क्लिक जास्त उतरून पुन्हा वर चढत हव्या त्या जागी थांबले, की ग्रुप बरोबर बसतो. पण स्पर्धेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साइटला असा उपाय लागणे मला पटत नाही.

दुसरी तक्रार माहितीपत्रकाची आहे. नॉबवरची खूण छर्रा कुठे लागतो आहे हे सांगते, तो कुठे न्यायचा हे नाही. छर्रे वर लागत असतील तर 'वर' या खुणेकडेच फिरवायचे असते. काही साइटवर नेमके उलट असते, तरीही पत्रकात याचा उल्लेखच नाही, आणि पहिल्या दिवशी माझा ग्रुप मधोमध येण्याऐवजी आणखी दूर गेला.

आयरिस, म्हणजे पाहण्याचे छिद्र लहान-मोठे करणारा भाग, मात्र सुरेख आहे. छिद्र १.१ मिलिमीटरवर ठेवले, की पुढच्या साइटमधली गोल कडी रेखीव दिसते आणि टार्गेटच्या काळ्या वर्तुळाभोवतीची पांढरी कडा चारही बाजूंनी सारखी आहे की नाही, हे डोळ्याला ताण न देता कळते, ०.८ च्या खाली चित्र अंधारते.

डोळ्याजवळचा रबरी आयकप दुसऱ्याच महिन्यात सैल झाला, पण तो सुटा मिळतो, म्हणून त्याचे गुण कापत नाही.