मुळशीच्या पावसाळ्यातून निघालेली शेकोटी: वापरानंतरचा अनुभव

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. मागच्या उन्हाळ्यात घरामागे बांधलेली शेकोटी आख्खा पावसाळा आणि पुढचा हिवाळा काढून जागेवर उभी आहे. आत पाणी साचलं नाही. खर्चाचा मोठा वाटा मात्र जमिनीखाली गाडला गेलाय, डबर (मोठे ओबडधोबड दगड), खडी आणि त्यांच्या वाहतुकीत. वर दिसतो तो विटांचा गोल त्यामानाने स्वस्तात झाला.

जागा मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या बाजूला. इथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. व्हिडिओत दाखवतात तसा नुसता खड्डा खणून दगड रचले, तर जुलैत त्यात बेडूक नांदायला येतात. आमच्याच वाडीत एकाने तळाला पक्का कोबा केलाय. दिसतो झकास, पण पावसाळाभर हौद.

गवंडीकाकांनी खोदाईआधी एक फूटभर खड्डा घेऊन त्यात बादलीभर पाणी ओतायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरंचसं पाणी तिथंच होतं. वर तांबडी चिकण माती, खाली मुरूम, मग कातळ. अशा जमिनीत खडी भरलेला खड्डा पाणी मुरवत नाही, उलट आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून घेतो. म्हणून शोषखड्ड्यावर भरवसा न ठेवता पाण्याला बाहेर काढायची वाट केली. परसाला मुळातच उतार असल्यामुळे ते सोपं गेलं. सपाट प्लॉट असेल तर शेकोटी खणूच नका, जमिनीवर फूटभर उचलून बांधा.

खोदाई अडीच फूट. तळाला डबर, त्यावर चाळीस एमएमची खडी, त्यावर वीसची. रेती कुठेही नाही, कारण ती खडीतल्या फटी भरून टाकते. माती आत घुसू नये म्हणून खड्ड्याच्या कडांना आणि तळाला जिओटेक्स्टाइल कापड लावलं. हे कापड प्लॅस्टिकचं असतं आणि आचेने वितळतं, त्यामुळे ते जाळापासून फुटभर खडीच्या खालीच राहील असं पाहिलं. भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप गोलाच्या बरोबर खालून न नेता बसायच्या जागेखालून फिरवून उताराकडे बाहेर काढला. तोंडाला जाळी, नाहीतर उंदरांना आयतं घर. आणि वरच्या अंगाला एक उथळ चर. या सगळ्यात स्वस्त काम हे चराचंच, आणि माझ्या मते निम्मं श्रेय त्याला. डोंगराकडून वाहत येणारं पाणी शेकोटीपर्यंत पोचतच नाही. बसायच्या जागेलाही दहा फुटांत अडीच इंच असा बाहेरच्या बाजूला उतार ठेवलाय.

गोल आतून तीन फुटांचा. फायर ब्रिकची, म्हणजे आच सोसणाऱ्या विटेची, साडेचार इंची बाजू आत करून एका थराला साधारण २५ विटा लागतात, असे चार थर. खालच्या थरात मध्ये मध्ये फटी सोडल्यात, त्यातून वारा आत येतो. नदीतले गोटे आणायचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. गोट्यात पाणी मुरलेलं असतं, तापलं की वाफ होऊन दगड फुटतो आणि कपच्या उडतात. जांभाही पाणी पितो, त्यामुळे तो जाळाजवळ नको. बाहेरच्या कट्ट्याला हरकत नाही.

आता कुरकुर. विटांच्या दरजा फायर क्लेने, म्हणजे आच सोसणाऱ्या मातीने, भरल्या होत्या. नीट भाजली जाईपर्यंत ही माती पाण्यात टिकत नाही, आणि वरच्या थराला तेवढी आच लागतच नाही. पावसाने तिथल्या दरजा धुऊन नेल्या. दिवाळीच्या सुमारास पुन्हा भरल्या. हे दरवर्षीचं काम धरून चाला. बसायच्या जागेवर बारीक खडी पसरलीय, शहाबादी फरशीवर धरतं तसं शेवाळ तिच्यावर धरून पाय घसरत नाही. पण प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे पाय रुततात आणि श्रावणात गवत डोकं काढतं.

सगळ्यात जास्त सांभाळावी लागते ती राख. ओली झाली की तिचा गारा होतो, तो खडीत उतरतो आणि वाळल्यावर घट्ट बसतो. खाली कितीही चांगलं काम केलं तरी वरच्या दोन-तीन इंचांतच निचरा तुंबतो. म्हणून प्रत्येक वापरानंतर राख पूर्ण थंड झाली की काढायची. दुसऱ्या दिवशीही आत निखारा सापडू शकतो, तेव्हा फावड्याने उकरून बघा आणि पत्र्याच्या डब्यातच भरा. थोडी राख वांग्यांवर भुरभुरतो. एका झाडाच्या बुंध्याशी ढीग घालू नका, ती क्षारयुक्त असते. वरची वीसची खडी पावसाळ्याआधी काढून, धुऊन परत टाकायची.

वापराचं म्हणाल तर बाभळीचा निखारा सगळ्यात जास्त वेळ टिकतो. आंब्याचं लाकूड ओलसर असेल तर डोळ्यांतून पाणी काढतं. हुरड्याला लाकूड लावलंच नाही. नगरहून कणसं आली की गोवऱ्यांची आगटी. आणि घाट उतरला की रायगड, त्यामुळे पोपटीही झाली: भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मडकं उपडं, भोवती जाळ. मडक्याभोवती जाळ करायला तीन फुटांचा गोल बरोबर पुरतो, त्याहून लहान करू नका. पेटवण्याआधी मात्र काठीने फटी खडखडवून घ्या, विंचवांना अशी जागा फार आवडते. लाकडाचा ढीगही जमिनीला टेकवून नको.

पावसाळ्यात वर पत्र्याचं झाकण असतं, मध्ये उंच, कडेला उतरतं. मी ते एकसंध करून घेतलंय आणि ते एकट्याला हलत नाही. करायला टाकाल तेव्हा दोन अर्ध्या तुकड्यांत मागा, आणि प्रत्येकाला कडी.